काल्पनिक रेल्वेलाही हमाल लागतात: टाकारी-शिराळा मालगाडी रचणाऱ्या मुलामुलींना खुले पत्र

मुलांनो आणि मुलींनो,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीत तुम्ही मांडलेलं रेल्वेचं मॉडेल बघायला माझी नात मला घेऊन आली होती. तिला अर्ध्या तासात भूक लागली. मी मात्र हॉलचे दिवे मालवेपर्यंत तिथंच होतो. तुमच्यातल्या एका मुलीनं खुर्ची आणून दिली, पण बसलं की टेबलावरचे रूळ दिसेनात, म्हणून मी परत उभा राहिलो. एका टोकाला टाकारी स्टेशन, त्याच्यामागं सागरेश्वराचे डोंगर. मग बह्याजवळ कृष्णेवरचा पूल, पुढं इस्लामपूर, आणि पार दुसऱ्या टोकाला शिराळा. कधीच नसलेली रेल्वे तुम्ही पुठ्ठा, सनबोर्ड आणि रंगवलेल्या भुशातून उभी केलीत आणि तिला नाव दिलंत ‘कृष्णा-वारणा लाइट रेल्वे’. सोबत चार पानांचा छापील इतिहास: १९१२ साली सुरू, अडीच फुटी नॅरोगेज, लांबी २६ मैल, १९६८ साली बंद. हा इतिहास काल्पनिक आहे असं पहिल्याच ओळीत स्वच्छ लिहिलंत, तेही बरं केलंत.

ती चार पानं मी घरी आणून पाच-सहा वेळा वाचली. इंजिनावर एक अख्खं पान आहे. पुलाच्या कमानींवर अर्धं. कंपनीच्या शिक्क्याचं सुरेख चित्र आहे. मालाबद्दल मात्र एकच ओळ: ‘शेतमाल व इतर वस्तूंची वाहतूक होत असे.’ ती कोण करत असे, हे चार पानांत कुठंच नाही. मालगाडीच्या इतिहासात माल उचलणारा माणूसच नाही, हे मला फार लागलं. म्हणून लिहायला बसलो. उघडं पत्र अशासाठी की मिरज, सांगली, माधवनगर, कऱ्हाड इथल्या ज्या घरांत कुणी ना कुणी मालधक्क्यावर राबलं, त्यांच्याही नजरेला हे पडावं.

मी कोण ते सांगतो. माझे वडील, आप्पा, मिरजेच्या यार्डात हमाल होते. मी स्वतः पुढं सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून चाळीस वर्षं काढली. त्यामुळं पोतं पाठीवर कसं बसतं ते मी बघितलंय आणि वहीत कसं चढतं तेही मला माहीत आहे.

आता टाकारीकडं या. टाकारी हे खरं स्टेशन. पुण्याहून कऱ्हाड, मिरज करत बेळगाव-लोंढ्याकडं जाणारी सदर्न मराठा रेल्वेची ही लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली, आणि ती मीटरगेज होती. दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. तुमची रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एका लाइनची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, दुसऱ्या लाइनवर चढत नाही. मग शिराळ्याहून निघालेलं पोतं टाकारीला आल्यावर पुढं मिरजेला किंवा पुण्याला गेलं कसं? मॉडेलमध्ये तुम्ही नॅरोगेजचे रूळ स्टेशनच्या मागच्या अंगाला आणून संपवलेत आणि मीटरगेजचे पुढच्या अंगानं नेलेत. दोन्हींच्या मध्ये एक गुलमोहर लावलाय. तो गुलमोहर काढा. त्या जागी ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा फलाट पाहिजे, आणि तुमच्या रेल्वेचा खरा इतिहास त्या फलाटावर घडायला पाहिजे.

आपल्याकडं याचा चांगला नमुना होऊन गेलाय, बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून आपल्या मिरजेला. रूळ तुमच्यासारखेच अडीच फुटी. कॅलथ्रॉपचा हिशेब असा होता की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलक्या, स्वस्त रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येतो. तुमच्या इंजिनाच्या पानावर हा पाच टनांचा हिशेब यायला हवा, कारण तुम्ही जे इंजिन लावलंय ते त्या रुळांना जड होणारं आहे. बार्शी लाइटची कंपनी लंडनची होती, १९५४ साली ती भारत सरकारनं विकत घेतली. याच कॅलथ्रॉपनं पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं, हे मला अगदी अलीकडं कळलं. आप्पा असते तर त्यांना पहिल्यांदा जाऊन सांगितलं असतं.

कारण आप्पांची सगळी उमेद त्या माणसाच्या रेल्वेवर गेली. मिरजेत अडीच फुटी लाइन मीटरगेजला येऊन भिडायची आणि त्या दोन लाइनींच्या मध्ये आप्पा आणि त्यांची टोळी उभी असायची. फलाटाच्या एका अंगाला मीटरगेजची वाघीण, दुसऱ्या अंगाला नॅरोगेजची. दारं समोरासमोर आणायची, मध्ये फळ्या टाकायच्या. दोघांनी पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं, त्यानं ते नेऊन पलीकडच्या वाघिणीत टाकायचं, आत आणखी दोघं थप्पी लावायला. माल-बाबू हातात वही घेऊन दारात मोजणार. दोन्ही वाघिणींचं माप सारखं नसल्यामुळं इकडची एक तिकडच्या एकीत कधी नीट बसायची नाही. उरलेली पोती फलाटावर पुढच्या वाघिणीची वाट बघत पडायची आणि आभाळ आलं की सगळे ताडपत्री ओढायला धावायचे.

तुमच्या रेल्वेसाठी साधा हिशेब करून बघा. दहा वाघिणींची एक गाडी, प्रत्येकीत दहा टन माल धरा. शंभर टन झाले. क्विंटलाचं पोतं धरलं तर हजार पोती. वीस हमालांची टोळी असेल तर एकेकाच्या वाट्याला पन्नास पोती, म्हणजे एका माणसाच्या पाठीवरून एका गाडीमागं पाच टन. कॅलथ्रॉपनं एका आसावर जेवढा भार ठरवला तेवढाच. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. (वजनावरून आठवलं. तुमच्या १९१२ सालच्या पावतीवर ‘किलो’ छापलंय, ते बदला. आपल्याकडं किलो-क्विंटल १९५८ नंतर हळूहळू आलं. त्याआधी मण आणि शेर. आप्पा तर शेवटपर्यंत मणातच बोलायचे.)

एका पावसाळ्यात ओल्या फळीवरून आप्पांचा पाय सरकला आणि पोतं कमरेवर आलं. ज्या ठेकेदाराकडं ते होते त्यानं आठ दिवसांची मजुरी हातावर ठेवली, आणि नवव्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा होता. आप्पा तीन महिने घरात पडून होते. त्या तीन महिन्यांत आई झाडणीला जायला लागली. झाडणी म्हणजे मालधक्क्यावर सांडलेलं धान्य झाडून गोळा करायचं, चाळायचं, खडे निवडायचे. पोत्याला हुक लागला की शिवण उसवते आणि ज्वारी, शेंगा, डाळ फलाटभर पसरते. बाया सुपं आणि चाळणी घेऊन बसलेल्या असायच्या. वाटा कुणाचा किती हे ठरलेलं असायचं, त्यातला चिमूटभर त्यांना मिळायचा. आईच्या पदराला त्या काळात कायम धुळीचा वास यायचा. आप्पा बरे होऊन कामावर परत गेले तरी आईनं झाडणी सोडली नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये बारीक माणसं आहेत, मी मोजली. स्टेशन मास्तर, झेंडी धरलेला गार्ड, टोपीवाले दोन साहेब, एक कुत्रं. टाकारीच्या त्या फलाटावर वीस वाकलेली माणसं आणि सुपं घेतलेल्या चार बाया ठेवा. वाकलेलं माणूस करायला अवघड नाही. तारेचा सांगाडा करून पाठीवर कापडाचं पोतं चिकटवा.

आता १९७१ ची गोष्ट. तुमची रेल्वे तोवर बंद पडलेली आहे, पण हे कळल्याशिवाय फलाटाचं महत्त्व कळणार नाही. पुण्यापर्यंत ब्रॉडगेज १८५८ सालीच आली होती आणि पुण्याच्या पुढं आपल्याकडं मीटरगेज. म्हणजे सांगलीची हळद मुंबईला जायची तर ती पुण्याला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावी लागायची. गोव्याच्या मुरगाव बंदराला मात्र लोंढ्याहून सलग मीटरगेज होती, तिकडं जाणारा माल मध्ये कुठं उतरवावा लागत नव्हता. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज आणि मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं. त्याच वेळी मुख्य लाइन सांगलीतून गेली. त्याआधी १९०७ पासून सांगलीला मिरजेहून छोटा फाटा होता. लोकांना वाटलं, आता पोती उतरवायचं काम संपलं. पण पुण्याचं काम मिरजेला आलं. दक्षिणेकडची लाइन मीटरगेजच राहिली, पंढरपूरकडची नॅरोगेज. मिरजेच्या यार्डात तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी आले. आप्पा सांगायचे की त्या वर्षी टोळ्या वाढल्या. पुढं नव्वदच्या दशकात लोंढ्याकडची लाइन बदलली, आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत बार्शी लाइटचा रस्ताही टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाला.

त्यानंतर काय झालं ते तुम्हीसुद्धा पाहिलंय, लहान होता तरी आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी गेली. ११ एप्रिलला पहिली निघाली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या जायला लागल्या, एका फेरीत पंचवीस लाख लिटर. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला गेली, कॅलथ्रॉपच्याच जुन्या वाटेनं. मी मिरजेला ती बघायला गेलो होतो. तेव्हा माझ्या मनात एकच होतं: वीस वर्षांपूर्वी हा दुष्काळ पडला असता तर? रुळांची मापं वेगळी होती. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन फलाट ओलांडता येतो, पाण्याचं काय केलं असतं? रुळांच्या मापातला तो फरक काय चीज होती, हे आप्पांच्या कमरेनंतर मला त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं.

तुमच्या गाडीत काय काय भरायचं ते मला सांगू द्या, यात मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

शिराळ्याकडून खाली येणारा माल आधी. सह्याद्रीच्या जंगलातला हिरडा. कातडी कमावायला तो लागायचा आणि बोटीनं परदेशात जायचा. तुमची रेल्वे १९१२ ची आहे म्हणजे हिरड्याची पोती तिच्या पहिल्या गाडीत असायलाच हवीत. त्याच्या जोडीला शिकेकाई, लोणारी कोळसा, लाकूड, वारणाकाठचा भात. इस्लामपुरात गूळ भरायचा. गुळाचे रवे पोत्यासारखे फेकता येत नाहीत, आदळला की रवा फुटतो आणि फुटलेल्या रव्याला भाव नाही. म्हणून गुळाच्या वाघिणीत तळाला उसाचं पाचट अंथरलेलं दाखवा. मग हळद. आपल्या भागातली राजापुरी. शिजवून, वाळवून, ढोलात घासून पोत्यात भरलेली हळकुंडं. ती सांगलीला यायची, आणि व्यापारी भाव येईपर्यंत ती हरिपूरच्या पेवांत ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, वरून अरुंद, आत रुंद. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी पेवं गेली. तुमच्या मॉडेलमध्ये हरिपूर येत नाही, पण इतिहासात एक वाक्य येऊ द्या, कारण पेवांमुळंच हळदीच्या वाघिणींची मागणी कधी एकदम वाढायची आणि कधी महिनाभर काहीच नसायचं.

टाकारीहून वर जाणारा माल वेगळा. मीठ, रॉकेल, कापड, पत्रे. आणि नांगर! टाकारीच्या शेजारचं स्टेशन किर्लोस्करवाडी आहे, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? आधी त्याचं नाव कुंडल रोड होतं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना काढला, तो स्टेशनच्या आधारानं. कच्चं लोखंड, कोळसा आत यायचा आणि लोखंडी नांगर, उसाचे चरक बाहेर जायचे. तुमची रेल्वे त्यानंतर दोनच वर्षांनी सुरू होते. इस्लामपूरच्या गुऱ्हाळांना चरक तुमच्याच गाडीनं गेले असं खुशाल लिहा, कल्पनेला याच्यापेक्षा भक्कम जमीन मिळणार नाही. वर कऱ्हाडला ओगलेवाडीची काच आहे, १९१६ पासूनची. तिथले प्रभाकर कंदील गवतात बांधून पेट्यांतून जायचे. पेटीवर ‘काच, सांभाळून’ असं लिहिलेलं असायचं आणि ते वाचता न येणारे हमालसुद्धा नुसत्या वजनावरून पेटी ओळखायचे, असं आप्पा अभिमानानं सांगायचे.

वेळापत्रक तुम्ही रोज दोन मालगाड्यांचं छापलंय. तसं नसतं. दिवाळीच्या आसपास शेंगा, मग होळीपर्यंत गूळ, उन्हाळ्यात हळद, आणि मृगानंतर सगळं थंड. पावसाळ्यात वाघिणी साइडिंगला उभ्या आणि गँगमन भरावावर. आपल्या काळ्या रानात रूळ टिकवणं सोपं नाही, उन्हाळ्यात ती माती भेगाळते आणि पावसात फुगते. मुरूम आणि खडी सतत घालत राहावी लागते.

पुलाबद्दल थोडक्यात. फार खाली आहे. २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. बहे वरच्या अंगाला असलं तरी नदी तीच आहे. पूल उचला आणि दोन्ही बाजूंच्या भरावात मोऱ्या ठेवा, नाहीतर भरावच धरणासारखा होऊन वरच्या गावांत पाणी चढेल.

दोन चुका इतिहासाच्या आहेत, त्या मात्र दुरुस्त केल्याच पाहिजेत. १९१२ सालच्या तुमच्या कागदावर ‘जिल्हा सांगली’ आहे. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. दुसरी चूक मोठी आहे. तुम्ही लिहिलंय, ‘१९४२ ते १९४५ या काळात वाहतूक सुरळीत होती.’ वाळवा-शिराळ्यात? १९३० साली बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला तो याच भागात. सप्टेंबर १९४२ मध्ये इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेची पगाराची गाडी अडवून लुटली, आणि शेणोली तुमच्या टाकारीपासून जवळच आहे. प्रतिसरकारच्या मुलखातली रेल्वे सुरळीत चालली असं लिहिणं म्हणजे त्या माणसांना पुसून टाकणं. तुमच्या रेल्वेचे हमाल, खलाशी, सांधेवाले याच गावांतले होते ना? रात्री कुणाच्या भाकरी कुणाला पोचत होत्या, कोणती पेटी कोणत्या वाघिणीत होती, हे आधी कुणाला कळत होतं? इथं तुमच्या कल्पनेला भरपूर जागा आहे.

आणि शेवट. १९६८ मध्ये ‘तोट्यामुळे’ बंद, एवढंच तुम्ही लिहिलंय. तोटा कसा झाला ते लिहा. पुणे-बंगळूर रस्ता पेठनाक्यावरून जातो. ट्रक शेतकऱ्याच्या बांधावर येतो, गूळ भरतो आणि मुंबईत दुकानाच्या दारात उतरवतो. मध्ये फलाट नाही, फळी नाही, हुक नाही. तुमच्या रेल्वेनं तोच गूळ इस्लामपुरात चढवायचा, टाकारीला उतरवून परत चढवायचा, पुण्याला पुन्हा उतरवून चढवायचा. प्रत्येक ठिकाणी थोडे रवे फुटणार, थोडे दिवस जाणार. आप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. ज्या फलाटावर आमचं घर चाललं, त्या फलाटामुळंच व्यापारी रेल्वे सोडून ट्रककडं गेले, हे ते स्वतः बोलून दाखवायचे. आम्ही लहान असताना मला ते समजायचं नाही. आपल्याच कामामुळं आपलं काम जाणार हे माहीत असताना रोज पहाटे डबा घेऊन निघणं कसं असेल, याचा विचार मी आता करतो. देशभरात १९८० च्या पुढं रेल्वेनं सुट्या वाघिणींऐवजी अख्खी गाडीच्या गाडी एका मालानं भरण्यावर जोर दिला, तेव्हा लहान स्टेशनांचे उरलेले मालधक्केही ओस पडले. तुमची रेल्वे १९६८ ला थांबली नसती तरी तिथं थांबली असती.

पण १९६८ हे साल बदलू नका. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली आला. हमालांची नोंद, मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी, हे सगळं त्या कायद्यानं पहिल्यांदा कागदावर आलं. तुमच्या टाकारीच्या वीस हमालांना त्या आधीच घरी बसावं लागलं. ते मग कुठं गेले? आपल्या भागातली हजारो माणसं मुंबईच्या बाजारांत आणि गोदीत ओझी वाहायला गेली आहेत. तुमचे काही तिकडं जातील, काही सांगलीच्या मार्केट यार्डात येतील. एखादा इस्लामपूरच्या स्टँडवर ट्रक भरेल, त्याच रेल्वेचा धंदा नेणारा ट्रक. हे पाचवं पान लिहा.

मिरज-सांगलीच्या म्हाताऱ्या माणसांना माझी विनंती आहे. तुमच्याकडं जुनी रेल्वे पावती असेल, बँकेतून सोडवून आणलेली, माल-बाबूच्या निळ्या पेन्सिलीची खूण असलेली. वाघिणीला लावायचं सीलचं शिसं असेल. कुणाच्या घरात झाडणीची चाळण असेल, तर या मुलांना नेऊन दाखवा. त्यांना कल्पनेतला इतिहास लिहायचा आहे, त्यांना खऱ्या वस्तू हाताळायला मिळाल्या पाहिजेत.

आप्पांचा हुक माझ्याकडं आहे. लाकडी मूठ हाताच्या घामानं काळी झालीय आणि टोक झिजून बोटभर कमी झालंय. येत्या रविवारी सकाळी दहाला मी तो घेऊन तुमच्याकडं येतो. तेवढ्या वेळात गुलमोहर काढून ठेवा.

तुमचा,
मिरजेच्या ट्रान्सशिपमेंट फलाटावरच्या एका हमालाचा मुलगा
सांगली